उझ्मा सिस्टर आणि हळू उठायचा हट्ट

आमच्या डोंगरकडा गावात उझ्मा सिस्टरला न घाबरणारा माणूस मी पाहिला नाही. जो म्हणतो मी घाबरत नाही, त्यानं तिच्या हातचं इंजेक्शन अजून घेतलेलं नसतं. शाकीर टेलरची ही थोरली. दहावीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो. तेव्हाही गुरुजींना "सर, हे बराबर न्हाई" म्हणायची तीच. नर्सिंग करून ती गावातल्याच दवाखान्यात लागली, तर लोकांनी शाकीरचाचांना विचारलं, पोरीला काहून रोग्यांत घातलं? चाचा म्हणाले, "घरात ठिवली असती तर आमी रोगी झालो असतो."

या दवाखान्यात आठवड्यातून एकदा मनाच्या आजाराचे डॉक्टर येतात. त्या रांगेत लोक तोंडाला रुमाल बांधून उभे राहतात, जणू चोरी करायला आलेत. आमच्या वस्तीतल्या जनकाबाई तशाच पदर ओढून गेल्या. रविवारी विहारात वंदना सांगणाऱ्या त्याच. आवाज असा की माईक बंद पडला तरी कुणाला पत्ता लागत नसे. हिवाळ्यापासून ही बाई गप्पच झाली होती. जेवण सुटलं, झोप सुटली.

डॉक्टरांनी उदासीवरची एक जुनी गोळी सुरू केली, रात्री झोपताना घ्यायची. बाकीचं समजावणं उझ्माकडं. गुण यायला काही आठवडे लागतील. तोंड कोरडं पडंल, घोट घोट पाणी प्या. लघवी अडली, पोट साफ होईना, तर लाजू नका, सांगा. उठताना आधी बसा, मग उभ्या राहा. गोळ्या तिनं एकाच आठवड्याच्या दिल्या.

"महिन्याच्या द्या की," जनकाबाईंचा मुलगा भीमराज हसत म्हणाला. "सरकारच्या गोळ्या, तुमी काहून जपून राहिल्या?"

उझ्मानं त्याला बाजूला घेतलं. "ह्या जास्त पोटात गेल्या तर जीव जातो, भाऊ. तुझ्यापाशी ठेव. रोज तुझ्या हातानं दे."

भीमराजचं हसू तिथंच राहिलं.

महिना होत आला तशा जनकाबाई भाकर मागून खायला लागल्या. एका रविवारी विहारात आल्या, घोट घोट पाणी पीत वंदना सांगितली. शेवटच्या गाथेला सगळे उठून उभे राहतात. त्याही झटक्यात उठल्या आणि जागच्या जागी कोसळल्या.

आता आमची वस्ती शिकलेली. देव-देवरशी, अंगात येणं, हे आमच्या आजोबांनीच गावाबाहेर नेऊन टाकलं. तरी तोंडावर पाणी मारायच्या आधी आवाज आलाच, "बाईच्या अंगात आलं काय?" बोलले कोण, तर विहार समितीचे अध्यक्ष प्रेमानंदकाका, जे दर जयंतीला अंधश्रद्धेवर भाषण ठोकतात. वर त्यांनी ठरवूनही टाकलं की पूर्ण बऱ्या होईस्तोवर जनकाबाईंनी वंदना सांगू नये, मागं बसावं. भीमराजनं आपल्या परीनं शहाणपण केलं: चक्कर गोळीची, तर गोळीच बंद.

चार-दोन दिवसांत जनकाबाईंना मळमळ, घाम, झोप नाही. पुन्हा गप्प, भिंतीकडं तोंड. मी उझ्माला सांगितलं तशी ती ड्युटी संपवून थेट घरीच आली.

"गोळी कोणाला विचारून बंद केली?"

"चक्कर येऊन राहिली होती तिला," भीमराज म्हणाला.

"मग मला सांगायचं. चप्पल चावली म्हणून पाय तोडतो का तू?" आणि जनकाबाईंकडं वळून, "मावशी, उठताना आधी बसा म्हणलं होतं ना?"

"खाटंवरून उठताना बसतेच की माय. विहारात तर मी बसलेलीच होते."

उझ्मा त्यांच्याजवळ खाली बसली. मग म्हणाली, "माझं चुकलं. घरात अम्मी नमाजवरून गुडघे धरून उठते, रोज बघते मी. तरी जमिनीवरून उठायचं सांगायला सुचलं न्हाई."

तिनं आडवं करून आणि उभं करून बीपी मोजला, डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी गोळी कमी ताकदीची करून पुन्हा सुरू करायला सांगितली.

"गोळी घेईन," जनकाबाई म्हणाल्या. "पण वंदना तर गेली माझी."

उझ्मा तशीच उठून प्रेमानंदकाकांच्या ओसरीवर. मी मागं, अशी मजा कोण सोडतो?

"काका, तुमची बीपीची गोळी चालू हाय ना?"

"व्हय."

"मग बरे होईस्तोवर तुमीबी मागं बसा."

"ते येगळं, पोरी. हे डोक्याचं हाय."

"डोकं काय शेजाऱ्याचं असतं?"

"लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या आधी तुमीच म्हणले, काका. लोक अजून पाणीच शोधत होते."

मला हसू आलं, पण राग जास्त. शुगरची गोळी लोक चारचौघांत चहाबरोबर गिळतात. ही एक गोळी घेतली की माणसाला जागेवरूनच उठवतात. आणि उठवणारे आम्हीच, ज्यांना जागेवरून उठवणं म्हणजे काय ते कुणी शिकवायची गरज नाही.

गोळी अंगी लागल्यावर एका रविवारी जनकाबाईंनी पुढं खुर्ची टाकून घेतली. प्रेमानंदकाकांनी छताकडं पाहिलं. शेवटच्या गाथेला सगळे उभे. त्या बसून, खणखणीत. लोक पांगले तरी त्या बसलेल्याच. पायाची बोटं हलवली, पाणी प्यायल्या, खुर्चीला धरून उठल्या आणि तशाच थांबल्या.

दारात प्रेमानंदकाका कुलूप घेऊन. "उरकतंय का, जनकाबाई?"

"घाई असंल तर चावी ठिवून जा."

काका थांबले.