न आलेल्या मुलीची हजेरी

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं आणि बघता बघता शहरात नर्सिंग कॉलेजं निघाली. मी शिकवायला लागले ते कॉलेज एका भाड्याच्या इमारतीत होतं. खाली टायरचं दुकान, वर आमचे वर्ग. वडील रेल्वेत, घर चौबे कॉलोनीत, नागपूरहून नर्सिंगची पदवी घेऊन आले होते आणि ही पहिलीच नोकरी. पहिल्या वर्षाला शरीररचना शिकवायची आणि हजेरीपट सांभाळायचा, एवढं माझं काम.

माझ्या वर्गातली ती मुलगी भनपुरीची. वडील तिथल्याच लोखंडाच्या कारखान्यात होते. वर्गात हिंदीतच बोलायची, म्हणून तिची घरची भाषा मराठी आहे हे मला कळलं नव्हतं. एकदा शिकवताना सांगाड्याचा हात निखळून तिच्या बाकावर पडला आणि ती ओरडली, "अवं माय!" मी हसले. त्या दिवसापासून आमचं दोघींचं बोलणं मराठीत सुरू झालं.

तिची बारावी हिंदी माध्यमातून झाली होती आणि आमची पुस्तकं इंग्रजीत. "मॅडम, हाड कोणतं ते मले मालूम हाय. त्याचं नाव लिहाले गेली की हात थांबून जाते," असं सांगायची. वर्ग सुटला की मी तिला अर्धा तास थांबवून घ्यायचे. वहीत ती इंग्रजी नावं देवनागरीत लिहून घ्यायची आणि शेजारी आपल्या शब्दांत खूण करायची. दुसऱ्या चाचणीत ती पास झाली, तेव्हा माझ्यासाठी डब्यातून मुद्दाम चिवडा आणला होता.

मग कारखान्यात तिच्या वडिलांचा हात यंत्रात सापडला. आई कामाला जायची, वडिलांपाशी कोणी तरी हवं होतं. तिनं दोन महिन्यांची सुट्टी मागितली. प्राचार्य मॅडमनी अर्ज वाचलाही नाही. "ये ट्रेनिंग है, धर्मशाला नहीं," म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

आठवडाभर मी तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं. मग मला बोलावणं आलं. प्राचार्य मॅडमनी हजेरीपट माझ्यापुढे सरकवला आणि शांतपणे सांगितलं, "हमारे यहाँ से कोई लड़की छोड़कर नहीं जाती." इन्स्पेक्शन जवळ आलं होतं. मुली गळाल्या तर पुढच्या जागा कमी होतील अशी त्यांना भीती होती. शिवाय प्रवेशाच्या जाहिरातीत आम्ही छापायचो की इथे आलेली प्रत्येक मुलगी कोर्स पूर्ण करते. मी खोडलं आणि हजर लिहिलं. पहिले काही दिवस पेन अडखळायचं. नंतर नाही. वर्ष संपेपर्यंत अशा न येणाऱ्या आणखी दोघी झाल्या होत्या आणि त्यांचीही हजेरी मीच भरत होते.

वर्षानंतर एका सकाळी ती ऑफिसात उभी. चेहरा उजळलेला. वडिलांची दोन बोटं गेली होती, पण आता ते चौकीदारीला जात होते. आणि हिचं नाव सरकारी एएनएम, म्हणजे सहायक परिचारिकेच्या, ट्रेनिंगच्या यादीत लागलं होतं. "तिथं हिंदीत शिकवतेत, मॅडम. बस, माही बारावीची ओरिजिनल मार्कशीट न् टीसी पाहिजे. आठ दिवस हायेत."

प्रवेशाच्या वेळी घेतलेल्या सगळ्यांच्या मूळ मार्कशीट ऑफिसच्या कपाटात होत्या. प्राचार्य मॅडमनी रजिस्टर उघडलं. त्यात ती दुसऱ्या वर्षाला शिकत होती, हजेरीही चांगली होती. तिला सोडल्याचा दाखला कोणत्या तारखेचा देणार? कोर्स संपल्यावर ये, एवढंच त्या म्हणाल्या.

ती माझ्याकडे वळली. "मॅडम, तुमी सांगा ना. मी केव्हाची येऊन नाही राहिली, तुमाले तं मालूम हाय."

मला मालूम होतं. मी म्हणाले, "अर्ज देऊन ठेव. पाहू."

ती चार वेळा आली. चारही वेळा मी वर्गात काम काढून बसले. ती वर्षापासून येत नाही, अशा दोन ओळी एका कोऱ्या कागदावर लिहिल्या असत्या तरी पुरलं असतं. घरी विषय काढला तर आई म्हणाली, "हजेरीवर सही तुही हाय ना? मंग तुह्यावरच येईल." मला हेच ऐकायचं होतं. नवव्या दिवशी ती आली नाही.

तिची बॅच संपली. तिच्या नावापुढे लिहिलं गेलं: प्रशिक्षण पूर्ण, परीक्षेस अनुपस्थित. जाहिरातीतला शब्द खरा ठरला. कागदपत्रं परत करायची वेळ आली तेव्हा तिचं पाकीट मी मागून घेतलं आणि रविवारी दुपारी भनपुरीला गेले.

ती पोह्याच्या मिलमधून नुकतीच आली होती. केसांत, भुवयांत भाताचा कोंडा. मला खुर्ची दिली. पाकीट उघडून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. "मार्कशीटची डुप्लिकेट काढली होती मी. पण पुढच्या साली लिस्टमधी नाव नाही आलं."

मी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात तिनं विचारलं, "मॅडम, माही हजेरी कोण भरत होतं?"

"मी."

"रोज?"

"रोज."

काहून भरली, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी प्राचार्य मॅडमचं नाव घेतलं असतं, इन्स्पेक्शनचं कारण सांगितलं असतं. येताना रिक्षात मी ते सगळं जुळवून ठेवलं होतं. तिच्या आईनं चहा आणला.

"पी लीजिए मैडम, ठंडी हो जाएगी," आईच्या हातातला कप माझ्यापुढे ठेवत ती म्हणाली. हिंदीत. नंतर मी निघेपर्यंत ती माझ्याशी मराठीचा एक शब्द बोलली नाही.

त्यानंतर मी नोकरी सोडली असं सांगायला मला आवडलं असतं. मी तिथे आणखी चार वर्षं होते. शेवटच्या दोन वर्षांत हजेरीपट तपासायचं कामही माझ्याकडेच आलं आणि नव्या आलेल्या मॅडमला कोणाकोणाची हजेरी भरायची ते मीच सांगत असे.