येऊन राहिलो

निनावे काका माणसं मोजताना नेहमी एक जास्त मोजायचे. नागपुरात सदर भागात एका बंद बंगल्यापुढे कोरडं पडलेलं कारंजं आहे. उन्हाळ्यात भर दुपारी आम्ही मोबाइल घेऊन तिथे जमायचो. काका डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून कठड्यावर बसलेले असत. सगळे आले की ते बोट फिरवून मोजायचे, आणि शेवटचं बोट आमच्यातल्या कोणावरही नाही, तर मोकळ्या रस्त्याकडे रोखायचे. मी एकदा मागे वळून पाहिलं होतं. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता रस्त्यावर कुत्रंही नसतं. तसं तेव्हाही नव्हतं.

या माणसावर माझा राग आहे. माणूस गेला की राग सोडावा असं लोक म्हणतात. मला ते जमलेलं नाही, कारण काकांनी माझ्याशी केलेला सौदा अर्धा ठेवला आणि निघून गेले. मी जुन्या फर्निचरचा धंदा करते. दुकान मला कोणी दिलेलं नाही, मी उभं केलं आहे, आणि ते भांडून, घासाघीस करून चालवते. माझ्याकडून कोणी फुकट घेऊन गेलेलं मला चालत नाही. मला कोणी फुकट देऊन गेलेलं तर त्याहून चालत नाही.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून मुलीने माझ्या मोबाइलमध्ये एक गेम टाकून दिला होता. त्यात शहरातल्या खऱ्या जागांवर राक्षस येऊन बसतात, आणि त्या जागेपाशी स्वतः जाऊन उभं राहावं लागतं. घरी बसून खेळता येत नाही. मोठ्या राक्षसाला बॉस म्हणतात. तो एकट्याने पडत नाही. बऱ्याच जणांनी मिळून आपापले पाळलेले प्राणी त्याच्यावर सोडायचे, वेळ संपायच्या आत त्याला पाडायचं, आणि मग प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर गोळे फेकून त्याला पकडायचं. गोळे मोजकेच मिळतात. ते संपले की बॉस निसटतो.

कारंज्यावर उन्हाळ्यात जो बॉस येई त्याला आम्ही भट्टी म्हणायचो. अंगातून जाळ निघणारा, रेड्याएवढा. गेममधलं हवामान बाहेरच्या हवामानाबरोबर बदलतं, त्यामुळे आपल्या उन्हात भट्टीचा जोर दुप्पट व्हायचा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझा सगळ्यात ताकदवान प्राणी पुढे केला आणि तो डोळ्यांदेखत जळून गेला. मी मोबाइलला शिव्या घालत असताना कठड्यावरून आवाज आला, "काहून चिडून राहिली वं बाई? पहिले लहान्याले पाठव. त्याच्यावर जाळ काढून थकू दे त्याले. मोठा मागं ठेव, पाण्यातला."

मी विचारलं, हे शिकवायचं काय घ्याल? काका हसले आणि म्हणाले, माणसं आण. तिथेच आमचा सौदा ठरला. सदरचे दुकानदार मला ओळखतात, बरेचसे घाबरतातही. मी माणसं जमवायची, काकांनी आम्हाला बॉस पाडायला आणि पकडायला शिकवायचं, आणि पडलेल्या बॉसमधला आपापला वाटा प्रत्येकाने घ्यायचा.

काका मूळचे उमरेडचे, विणकरांच्या घरातले. पण जन्म गेला सावनेरकडच्या भुयारी कोळसा खाणीत. खाणीतली शिस्त त्यांनी गेममध्ये आणली होती. सुरुंग उडवण्याआधी आत कोणी उरलं नाही ना, याची खात्री करण्याचं काम त्यांच्याकडे होतं. आतून कोणाचा "येऊन राहिलो" असा आवाज आला, तर तो माणूस बाहेर दिसेपर्यंत बत्ती लावायची नाही, मग साहेब कितीही ओरडो. कारंज्यावरही तसंच. कोणी फोनवर येतो म्हणाला की काका लढाई सुरू करू देत नसत. मी वैतागून ओरडायचे. ते फक्त हात वर करून मला थांबवायचे.

पकडण्याची त्यांची रीत तर सगळ्यांहून वेगळी. आम्ही घाईघाईने गोळे फेकायचो आणि भट्टी एका झटक्यात ते उडवून द्यायची. काका म्हणायचे, "जोर नको लावू, वेळ लाव. तो उडी मारते न, मारू दे. खाली पाय टेकवते तेव्हा त्याले काहीच करता येत नाही. तेवढ्यात फेक." या एका वाक्यावर मी इतर जागचे किती बॉस पकडले असतील. भट्टी मात्र माझ्या हाती लागत नव्हती. अख्खा उन्हाळा मी तिच्यामागे होते. रात्री डोळे मिटले तरी ती पाय टेकवताना दिसायची.

आता त्या जास्तीच्या माणसाबद्दल. लढाईआधी मोबाइलवर सगळ्या खेळणाऱ्यांची नावं एकाखाली एक येतात. आम्ही जितके उभे असू, त्याहून एक नाव जास्त यायचं. काकांनी रस्त्याकडे बोट दाखवलं की हमखास. ते नाव होतं 'येऊन राहिलो'.

पुण्याहून बदली होऊन आलेले कुलकर्णी नावाचे एक बँकवाले आमच्यात होते. त्यांनी ते नाव पाहिलं आणि हसत सुटले. म्हणाले, आला आणि राहिला, म्हणजे इथेच मुक्काम ठोकला की काय याने? आम्ही त्यांना समजावलं की नागपुरात याचा अर्थ येतो आहे, वाटेत आहे, असा होतो. त्यावरही हशा झाला. फक्त काका हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "दोन्ही खरं आहे, साहेब."

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी काकांना धरलं. हा कोण आहे ते सांगा. काकांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि सांगितलं. ते नाव त्यांच्या मुलाचं, मंगेशचं. बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात होता. कायम उशीर करायचा आणि कुठे आहेस विचारलं की उत्तर ठरलेलं, म्हणून गंमत म्हणून त्याने गेममध्ये तेच नाव घेतलं. वडील निवृत्त होऊन घरात बसून राहिले, तेव्हा त्यानेच त्यांना हा गेम शिकवला. सुटीच्या दिवशी दोघं इथे यायचे. बापाला भट्टी मिळाल्याशिवाय आपण थांबायचं नाही, असं पोराने ठरवलं होतं. एका दुपारी कारखान्यातून मोटारसायकलवर कारंज्याकडेच यायला निघाला. वर्धा रोडवर ट्रकने उडवला. मोबाइल सापडला नाही.

मी धंद्याची बाई. मला पहिलं सुचलं ते हे, की तो मोबाइल कोणी उचलला आणि विकला, आणि घेणारा मंगेशच्या नावावर खेळतो आहे. जुन्या मोबाइलचा बाजार मला पाठ आहे. मी काकांना न विचारता पंधरा दिवस चौकशी केली. कोणालाच काही माहीत नव्हतं. मग मी दुसरा मार्ग धरला. नाव दिसलं की लढाई सोडून आजूबाजूच्या गल्ल्या, बंगल्याचं आवार, झाडांमागचे कोपरे बघायचे. खेळणारा जवळ असल्याशिवाय गेम त्याला आत घेत नाही, म्हणजे तो दिसायलाच हवा. बंगल्याच्या फाटकाला गंजलेलं कुलूप. रस्ता वितळल्यासारखा हलत होता. झाडाखाली सावली होती आणि सावलीत कोणी नव्हतं. मोबाइलवर मात्र तो आमच्या बाजूने लढत होता.

परत आले तर काका पहिल्यांदाच माझ्यावर रागावले. "शोधू नको वं. खाणीत अंधारातून येणाऱ्याच्या तोंडावर बत्ती मारत नाहीत. त्याचे डोळे दिपते, अन् तो वाट चुकते."

त्यानंतर मी शोधणं बंद केलं. घाबरले होते असं म्हणा हवं तर. पण मनात एक ठरवलं, की हा उन्हाळा संपायच्या आत काकांना भट्टी मिळवून द्यायची. पोराची इच्छा पुरी होईल आणि हा सगळा प्रकार थांबेल. एका दुपारी मी अर्धं सदर ओढून आणलं. दुकानं बंद करायला लावली, दोघांशी भांडले, एकाला जेवणावरून उठवलं. भट्टी वेळेच्या बऱ्याच आधी पडली. मग सगळे माना खाली घालून गोळे फेकू लागले. माझा शेवटचा गोळा वाया गेला आणि भट्टी निसटली. चरफडत मी काकांच्या मोबाइलमध्ये डोकावले.

त्यांचे सगळे गोळे तसेच होते. एकही फेकला नव्हता. भट्टी त्यांच्यापुढे उड्या मारत होती, पाय टेकवत होती, पुन्हा उडी मारत होती. पडद्याच्या कोपऱ्यात पळणाऱ्या माणसाचं एक लहानसं चित्र असतं. ते दाबलं की बॉसला सोडून आपण बाहेर पडतो. काकांनी सवयीने त्यावर बोट ठेवलं.

मी मोबाइल त्यांच्या हातातून हिसकावला आणि त्यांनी पकडलेले प्राणी पाहिले. चिल्लर प्राणी खूप होते. बॉस एकही नव्हता. ज्या माणसाने आम्हा सगळ्यांना पकडायला शिकवलं, त्याने स्वतः प्रत्येक वेळी पळणाऱ्या माणसाचं बटण दाबलं होतं.

मी सगळ्यांसमोर त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. इतक्या लोकांना उन्हात भाजून काढलं, सौद्यातला तुमचा वाटा तुम्ही एकदाही उचलला नाही, मला उल्लू बनवलं, असं बरंच. काका ऐकून घेत होते. मी दम घ्यायला थांबले तेव्हा खालच्या आवाजात म्हणाले, "मी पकडलं, तर तो कायले येईल वं?"

 खरं तर हे मला कळायला हवं होतं. वस्तू एकदा हातात पडली की गिऱ्हाईक माझ्याकडे परत फिरकत नाही. भाव तुटेपर्यंतच ते पुन्हा पुन्हा येतं, चहा घेतं, बसतं. पण त्या वेळी मी तणतणत निघून गेले, आणि उद्यापासून माणसं आणणार नाही असं जाताना ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका घराच्या दारात चपला घालायला बसले ते उठलेच नाहीत. शेजारच्या बाईने सांगितलं, कोणाला तरी हाक मारत होते, थांब, येऊन राहिलो म्हणून.

त्यांचा तेरावा झाला. त्यानंतर कारंज्यावर कोणी जाईना. कुलकर्णींनी तर गेमच काढून टाकला. मी गेले. भट्टीचे शेवटचे काही दिवस उरले होते आणि माझा हिशोब अर्धा राहिला होता. एकटीने ती पडणार नाही हे माहीत होतं, तरी मी लढाईत शिरले. पडद्यावर माझं एकटीचं नाव. मग खाली दुसरं आलं. येऊन राहिलो.

मी वर पाहिलं नाही. ओरडले मात्र. म्हटलं, तुझा बाप गेला रे, आता कोणासाठी येतोस? कारंज्याच्या कोरड्या हौदात माझाच आवाज घुमला. लढाई सुरू झाली.

त्याने आधी लहान प्राणी पाठवला. भट्टीला जाळ काढून थकू दिलं. पाण्यातला मोठा मागे ठेवला. मी तेच करत होते, त्याच क्षणी, आणि मला कळलं की काकांची रीत काकांची नव्हतीच. ती त्यांना शिकवणाऱ्याची होती. दोघांच्या जोरावर भट्टी पडायला नको होती. वेळ संपता संपता ती पडली.

आता माझ्यासमोर भट्टी एकटी होती आणि हातात गोळे होते. तिने उडी मारली. खाली पाय टेकवला. या वेळी माझा अंगठा जागेवर होता, वेळ बरोबर होती, आणि फेकला असता तर लागला असता हे मला स्पष्ट दिसत होतं. हातात आलेली वस्तू मी आजवर सोडलेली नाही. सौदा अर्धा सोडणं मला जमत नाही, हे त्या म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी ओळखलं असणार, आणि मला एका शब्दाने न विचारता पोराची वाट पाहणं माझ्या गळ्यात बांधून तो गेला.

भट्टीने पुन्हा उडी मारली. मी काकांना एक सणसणीत शिवी दिली आणि पळणाऱ्या माणसावर बोट ठेवलं.