चांदीचे डोळे

मातामायला चांदीचे डोळे वाहायला मी निघाले, तेव्हा माझे डोळे ठणठणीत होते. आमच्या राजेगावकडे जो अवयव दुखतो तो चांदीचा घडवून देवीला वाहतात. माझं दुखणं छातीचं होतं. मी पहिलटकरीण, आणि पाचव्या महिन्यापासून छाती वाढू लागली ती थांबेचना. नवी चोळी आठवडाभरात उसवायची. पुढे ओझ्याने मान वर होईना, कातडी ताणून चिरू लागली. सासूबाई रोज जुन्या लुगड्याची पट्टी खांद्यांवरून घेऊन छातीभोवती करकचून बांधायच्या. बांधलं की वाढ थांबेल, असं त्यांना मनापासून वाटायचं. बाया कुजबुजायच्या, मागच्या जन्माचं काही असेल. मलाही ते पटू लागलं होतं आणि देवीचा रागही येत होता. पोटातलं मूल तरी हाती लागेल की नाही, या धास्तीने मी झुरत होते.

शेवटी नवस केला. पण वारासिवनीच्या सोनारापुढे गेल्यावर जीभ उचलेना. पुरुषमाणसाला कोणत्या तोंडाने सांगणार? ‘डोळे करून द्या’ म्हणून मोकळी झाले. देवीला सगळं कळतंच, अशी मनाची समजूत घातली.

मातामायच्या ठाण्यावर, तिच्या देवळात, डोळे वाहिले. सासूबाई प्रदक्षिणा घालत होत्या. पायरीवर एक अनोळखी, उतारवयाची बाई बसली होती.

“डोये दुखून राह्यले का वं तुहे?” तिने विचारलं.

“हौ.”

“डोये दुखणारी बाई उन्हाकडं अशी पाहत नाही.” मग ती हळूच म्हणाली, “तुह्या खांद्यावर वळ हायेत. माह्या बहिणीले असंच झालतं. आम्ही झाकत राह्यलो. ते गेली. मी गोंदियाले चालली, तिथं लेडी डॉक्टर हाये. चाल माह्यासंगं.”

सासूबाई मागे उभ्या राहून ऐकत होत्या. त्या विरोध करतील असं वाटलं होतं, पण त्यांनीच माझी पिशवी उचलली.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली. खाली जखमा चिघळल्या होत्या. त्यांनी शांतपणे समजावलं. गरोदरपणी शरीरातल्या ग्रंथींचे रस रक्तात उतरतात, आणि क्वचित एखादीचं अंग त्यांना भलतीच दाद देतं. हा आजार आहे, पाप नाही, कोणाची नजरही नाही. तुम्ही लवकर आला असतात तर इतकं झालं नसतं, असंही त्या म्हणाल्या.

“मंग मी बांधत होती ते?” सासूबाईंनी विचारलं.

“त्यानेच जखमा झाल्या, आई.”

सासूबाई ती पट्टी हातात धरून बाकावर बसून राहिल्या. त्या दिवसापासून मरेपर्यंत त्यांनी माझ्याकडे कधी सरळ नजरेने पाहिलं नाही. माझ्या मनात त्यांच्याबद्दल काही नव्हतं. त्यांनी जे केलं ते मायेनंच केलं होतं.

मुलगी सुखरूप झाली. पुढे नागपुरात ऑपरेशन झालं आणि दोन्ही स्तन काढावे लागले. पोरगी माझ्या जावेच्या दुधावर वाढली. ती जावेच्या पदराखाली चुटुचुटु पीत असायची, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडायची. ते दुःख अजून आहे. देवीने जीव वाचवला, पण गेलेले महिने परत दिले नाहीत.

ती बाई गोंदियाच्या स्टँडवर गर्दीत गेली ती पुन्हा दिसली नाही. गावात म्हणतात, मातामायच आली होती. मी वाद घालत नाही. मला ती बहीण गमावलेली बाईच वाटते, आणि तिला त्या दिवशी त्याच पायरीवर कोणी बसवलं ते मला ठाऊक आहे.

मुलगी चालू लागल्यावर त्याच सोनाराकडे गेले आणि ‘चांदीचे स्तन करून द्या’ असं स्पष्ट सांगितलं. त्याने नुसती मान डोलावली. एवढ्यासाठी मी किती सोसलं होतं. देवीला शरण जायचं तर तिच्यापुढे काही झाकून चालत नाही, इतकं मला कळलं आहे.

ते वाहताना वर पाहिलं. दोऱ्याला चांदीचे कितीतरी डोळे टांगलेले होते, पण स्तनांचा दुसरा एकही जोड नव्हता. त्यांतले किती खरोखर डोळ्यांसाठी वाहिले असतील, हा विचार आला आणि माझे जोडलेले हात किती तरी वेळ खाली आले नाहीत.