विधानसभेत ‘काहून’ विचारणारी माझी आत्या

नवऱ्याच्या दहाव्याला माझ्या आत्याला कळलं, की ती आमदारकीला उभी आहे.

सुमित्राआत्या. माझ्या वडिलांची थोरली बहीण. आज सकाळी हट्ट्याला, आमच्या गावी, राहत्या घरीच वारली.

तिचे यजमान आमदार असतानाच हार्ट अटॅकने गेले. पार्टीचे लोक ओट्यावर बसले, आपसात ठरवलं, आणि जाताना तिला सांगितलं, "वहिनी, तुमी फक्त हात जोडा. बोलायचं आमी बघतो."

ती निवडून आली. गावात म्हणायचे, मतं फोटोला पडली.

सातवी शिकलेली बाई मुंबईला गेली. पहिलं वर्ष सभागृहात गप्प. तेव्हा तिथं बायका होत्याच किती.

मग सिद्धेश्वर धरणाकडच्या एका गावात एक पोरगी बाळंतपणात गेली. बैलगाडीत घालून दवाखान्यात आणली होती, पण तिथं डॉक्टरीणबाईच नव्हती.

आत्या त्या घरी भेटायला गेली. पोरीच्या आईनं बाळ उचलून आत्याच्या मांडीवर ठेवलं.

पार्टीवाल्यांनी बजावलं होतं, मंत्री आपलेच आहेत, हा विषय काढू नका.

आत्या सभागृहात उठली.

"आमच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई काहून न्हाई?"

‘का’ऐवजी ‘काहून’ ऐकून सगळे हसले.

मला लहानपणापासून याच क्षणाची उत्सुकता. कितीदा तरी विचारलं असेल.

"मग तू काय केलंस, आत्या?"

"उभी राहिले."

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. पण मी बघत होते, कोण हसत न्हाई. मंत्री हसत नव्हते. म्हणलं, बराबर लागलंय."

हसणं थांबलं. तिनं तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारला.

डॉक्टरीणबाई आल्या. माझा जन्म त्यांच्याच हातचा.

आत्याला पुढचं तिकीट मिळालं नाही.

ती परत शेतीला लागली. तक्रारीचा एक शब्द नाही. मला वाटायचं, सुटले म्हणत असेल.

मागच्या दिवाळीत तिच्या डोक्याला तेल लावताना विचारलंच.

"आत्या, तुला खरंच व्हायचं होतं का गं आमदार?"



"तवा कुठं. तवा माणूस गेलं होतं माझं."

मग म्हणाली, "ते गेले तवा चारचौघांत रडले. तिकीट गेलं तवा दार लावून रडले. कुणाला सांगू नको."

नव्हतेच सांगणार.

पण दुपारी चौकात तिचा फ्लेक्स लागला. फोटो छान आहे. खाली लिहिलंय, ‘माजी आमदारांच्या पत्नी’.

फ्लेक्सवाल्याला फोन केलाय. उद्यापर्यंत बदलून देतो म्हणाला.

तोवर इथं नीट लिहिते.

माजी आमदार सुमित्राआत्या यांना त्यांच्या भाचीची मनापासून श्रद्धांजली.