स्वल्प साबण

केशवअण्णा कुणाच्याही घरी गेला की आधी दारातलं हेल्मेट उलटं करून हुंगायचा. रामराम नंतर. माझं हुंगून तो एकदा म्हणाला, "बाळू, यात डोकं घालतोस की मोजे?" माझी बायको आठवडाभर हसत होती.

अण्णा माझा चुलतभाऊ. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्याच्या अग्निशमन पथकात होता, आणि पथकातल्या सगळ्यांच्या हेल्मेटांची निगा त्याच्याकडे होती. हेल्मेटला तो टोपीच म्हणायचा. नवे गडी टोपीवरची काजळी मिरवायचे. अण्णा खेकसायचा, "बिरुद नव्हे रे ते, विष आहे! घामाबरोबर अंगात मुरतं." मग हातमोजे चढवून, आतलं अस्तर सोडवून, कोमट पाण्यात एकेक टोपी धुवायचा आणि सावलीत वाळवायचा. "स्वल्प साबण, भरपूर पाणी. बाकी काही नाही." पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहून आमच्या मराठीत कानडी मुरलेलंच, पण 'स्वल्प' हा शब्द अण्णाने जणू स्वतःच्या नावावर करून घेतला होता. कोपरापर्यंत हात भाजला तेव्हाही म्हणाला, "स्वल्प लागलंय."

टोपी तो कधी घरी आणत नसे. एके वर्षी त्याच्या बायकोने, सुमावहिनींनी, हट्ट धरला, "आयुधपूजेला सगळ्यांची आयुधं देवापुढं येतात, तुमचीच तेवढी नाही." अण्णाने टोपी धुऊन, पिशवीत गुंडाळून आणली आणि आमच्या दोन्ही घरांची पूजा व्हायची त्या गच्चीवर सावलीत ठेवली.

आता माझं ऐका. मी विमा कचेरीतला माणूस. खिळा ठोकायला सांगाल तर भिंत पाडीन. पण त्या सकाळी स्कूटर, मिक्सर, बायकोची शिलाई मशीन, सगळं घासून मला चेव आला होता. टोपीवर एक काळा डाग राहिलेला दिसला. आमच्या इथल्या शिवाजीनगरातून स्कूटरसाठी आणलेलं थिनर हाताशी होतं. फडक्याने चोळलं. डाग गेला, टोपी आरशासारखी झाली. हळदकुंकू, झेंडूची माळ. मी अगदी खूष.

अण्णा आला, वाकला, आणि सवयीने हुंगला.

"काय लावलंस?"

"थिनर. स्वल्पच."

त्याने टोपी उजेडात धरून फिरवून पाहिली. मग म्हणाला, "स्वल्प साबणाला म्हणायचं, बाळू. थिनर कवच आतून खातं. कुठं कच्चं झालं ते देवालाही दिसणार नाही." माझा चेहरा बघून हसला. "सरी, ठीक आहे, सोड. नवी मिळेल. वहिनीला सांगू नकोस, सणाचा दिवस आहे."

चुकून कुणी घालू नये म्हणून कारखान्यात जाऊन त्याने त्या टोपीवर लाल रंगाची मोठी फुली मारली. नवी टोपी सुट्ट्या संपल्यावर मिळणार होती. त्याआधीच गोदामाला आग लागली. अण्णा जुनी, सैल, फाटक्या पट्ट्याची टोपी घालून आत गेला. छताचा पत्रा कोसळला तेव्हा ती आधीच डोक्यावरून निसटली होती.

इस्पितळात तो दोन दिवस होता. मला बघून ओठ हलले. काय म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही. तो काय म्हणाला असेल, ते मला माहीत आहे.

तेराव्याला त्याचा एक सोबती सांगत होता, "अण्णाने साहेबांना लिहून दिलं होतं, माझ्याच हातून टोपीवर थिनर सांडलं."

मी हे कुणाला सांगितलेलं नाही. सणासमारंभात गोष्टी सांगून सगळ्यांना हसवणारा मी. ही एवढी गोष्ट मला सांगता येत नाही.

कारखान्यातून अण्णाचं सामान आलं, त्यात ती फुलीची टोपी होती. यंदा आयुधपूजेला सुमावहिनींनी ती माझ्यापुढं ठेवली. "बाळूभाऊजी, ही लाल फुली काही केल्या जात नाही हो. तुम्ही त्या वर्षी किती लखलखीत केली होती! हे तेव्हा सारखे सांगत होते, बाळूचा हात भारी. तेच लावा ना काहीतरी."

मी अस्तर सोडवायला घेतलं. हातमोजे नव्हते.

"वहिनी," मी म्हणालो, "स्वल्प साबण द्या."