बटाट्यावरचे बदाम

रहमो तवीलच्या कमरेला सात किल्ल्या असत, आणि त्यांतली एकही त्याच्या घराची नव्हती. घराचं दार त्याची बायको फ्रीदा उघडायची, तेही आतून चौकशी करून.

"कोण आहे?"

"मी."

"मी म्हणजे कोण? सील दाखव आधी."

एकोणीस वर्षांत रहमो या विनोदाला हसला नव्हता, आणि फ्रीदाने तो करणं सोडलं नव्हतं.

सातही किल्ल्या बेतेशच्या स्टेकहाउसच्या होत्या. कोनी आयलंड अ‍ॅव्हेन्यूवरच्या या स्टेकहाउसात ब्रुकलिनची सीरियन ज्यू मंडळी लग्नाचे वाढदिवस साजरे करत, भांडणं मिटवत आणि सोयरिकी पक्क्या करत. शीतगृहाची किल्ली रहमोकडे, वाइनच्या कपाटाची त्याच्याकडे, मागच्या दाराचीही त्याच्याकडेच. तो तिथला स्वयंपाकी नव्हता आणि वाढपीही नव्हता. स्वयंपाकघर कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या खाण्याच्या नियमांत, राहतंय की नाही, यावर नजर ठेवणं एवढंच त्याचं काम. सकाळी अकराला, नियमाप्रमाणे, तो स्वतःच्या हाताने एकेक शेगडी पेटवी आणि पहिलं पातेलंही स्वतःच चढवी. मांसाच्या खोक्यांवर दोन सीलं असत. दोन्ही वाचल्याशिवाय खोकं उघडू देत नसे. लेट्यूसचं प्रत्येक पान दिव्यासमोर धरून त्यात किडा शोधी. कामाला येणाऱ्यांच्या डब्यात डोकावे. कुणाच्या सँडविचमध्ये चीज निघालं तर ते सँडविच आणि त्याचा मालक दोघांनाही फुटपाथवर जाऊन बसावं लागे. मांसाच्या घरात दुधाचा थेंब येता कामा नये, हे तिथे नव्याने कुणाला सांगावं लागत नसे.

संशय हा त्याचा धंदाच होता. पण कुठला संशय कामावरचा आणि कुठला मुळातलाच, हे आता त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. सरीन, त्याची धाकटी, म्हणायची, "बाबा, तू माझ्याकडे पण दिव्यासमोर धरल्यासारखं बघतोस."

सणांचे दिवस संपल्यावर सोलांज आली. ती मूळची लुइझियानाची, फ्रेंच स्वयंपाकघरांत वीस वर्षं घालवलेली, उंच आणि कमी बोलणारी. मालक एली बेतेशने तिला मुख्य स्वयंपाकी म्हणून आणलं आणि दुसऱ्याच आठवड्यात तिचा कुस्करलेला बटाटा गावभर झाला. स्टेक मागवणारा माणूस आधी बटाटा आहे ना, ते विचारू लागला. जाता जाता लोक एलीचा हात हातात घेऊन सांगत, "काय बटाटा आहे रे! अगदी लोणी घातल्यासारखा!"

एली खूश होई. रहमो आत जाऊन पातेल्याचं झाकण उघडून वास घेई.

तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की त्यात बदामाचं दूध आहे. बदामाचं दूध रहमोने पाहिलं होतं. डब्यावरचा शिक्काही वाचला होता. पण नुसत्या बदामाच्या दुधाने बटाटा असा चमकत नाही. ताटात तो रेशमासारखा पसरे, आणि वर स्टेकचा रस ओघळला की त्याला मंद, पिवळसर झाक येई. लोणी रहमोला ठाऊक होतं, सकाळच्या पावावरचं. मांसाबरोबरचं लोणी मात्र त्याने जन्मात चाखलं नव्हतं. ज्या चवीपासून लोकांना वाचवण्यासाठी त्याला पगार मिळत होता, ती चव कशी असते हेच त्याला माहीत नव्हतं.

बारा दिवस तो गुपचूप शोधत राहिला. पावत्या पाहिल्या. कचऱ्याच्या पिशव्या मागच्या अंगणात उलट्या केल्या. सोलांजचा कोट खुंटीवर असताना त्याच्या खिशांवरून हात फिरवला, आणि मग स्वतःचीच लाज वाटून हात धुतले. काही सापडलं नाही. न सापडल्याने संशय आणखी वाढला.

सोमवारी मात्र शीतगृहाच्या सर्वांत खालच्या फळीवर, हाडांच्या खोक्यांमागे, एक स्टीलचा डबा दिसला. डब्याला निळी चिकटपट्टी होती आणि पट्टीवर शाईने काढलेली छोटी मासळी. रहमोच्या शीतगृहात दुसऱ्या कुणाचं तरी सील! तो क्षणभर नुसता उभा राहिला, आपल्या पलंगावर परका माणूस झोपलेला दिसावा तसा. मग त्याने पट्टी सोडवली. आत फिकट पिवळा, गुळगुळीत, घट्ट गोळा होता.

त्याने सोलांजला बोलावलं. "हे काय आहे?"

"चरबी."

"कसली?"

"तुमच्याच हाडांची, मिस्टर तवील." ती डब्याकडे नाही, सोडवलेल्या पट्टीकडे पाहत होती. "आणखी काही?"

ती खरं बोलत असेल. पण काय पणाला लागलंय हे तिला ठाऊक होतं, आणि ज्याला ते ठाऊक आहे त्याच्या शब्दावर रहमोला डबा पास करता येत नव्हता.

त्यात बुधवार तोंडावर आलेला. बुधवारी संध्याकाळी सरीनचे होणारे सासू-सासरे, अदेल आणि मुराद शमा, याच स्टेकहाउसात जेवायला येणार होते. मुलीच्या बापानेच राखलेल्या स्वयंपाकघरात! फ्रीदाने पंधरा दिवस आधी टेबल धरलं होतं. त्या टेबलावर दूध आणि मांस एकत्र गेलं, तर ते रहमोच्या हाताने गेलं असतं.

मग एलीला जाऊन सांगायचं? तेही त्याने एकदा करून पाहिलं होतं. बारा वर्षांपूर्वी लग्नाच्या एका हॉलमध्ये मिठाई करणारा ज्योर्जी नावाचा माणूस होता. रहमो मोठ्याने म्हणाला, "लोण्याचा वास येतोय." तेवढं एक वाक्य. ज्योर्जीला त्याच संध्याकाळी घालवलं. पंधरा दिवसांनी उलगडा झाला की वास नारळाच्या तेलाचा आणि व्हॅनिलाचा होता. रहमो त्याला शोधत त्याच्या घरी गेला, तर तो खोली सोडून कुठेतरी निघून गेलेला. त्यानंतर रहमोने कुठल्याही स्वयंपाकघरात लोणी हा शब्द उच्चारला नव्हता.

त्याने हाखाम शौलना फोन केला. ते समाजाचे धर्मगुरू; असल्या प्रश्नांना तेच उत्तर देत.

"प्रयोगशाळेत पाठव," हाखाम म्हणाले.

"आठवडा लागतो. माझ्याकडे दोन दिवस आहेत."

"तू चाखलंस?"

"संशय आल्यावर कसं चाखणार?"

"मग ज्याला चालतं त्याला चाखू दे. आपल्यातला नसलेला, जिभेचा पक्का. पण कशासाठी ते सांगू नकोस. काही विचारूही नकोस. तो आपणहून, सहज बोलला तरच त्याचं बोलणं धरायचं."

"आणि नाही बोलला तर?"

"तर बटाटा बंद, आणि एलीला कारण सांगायचं." जरा थांबून ते म्हणाले, "रहमो, न विचारता गप्प बसणं जमेल ना तुला?"

मंगळवारी तीनच्या ठोक्याला नुन्झिओ आला. तो सुऱ्यांना धार लावणारा. त्याची गाडी मागच्या अंगणात लागे आणि गाडीतच धारेचं चाक होतं. सत्तरीला आलेला हा इटालियन माणूस झोपेतही बोलत असावा, असं सगळे म्हणत. रहमोला वाटलं, यापेक्षा सोपं काम नाही.

त्याने वाडग्यात बटाटा घातला. "उरलाय. खा."

"तू मला खायला देतोस?" नुन्झिओने डोळे बारीक केले. "काय मिसळलंयस?"

"खा रे."

नुन्झिओने पहिला घास घेतला आणि गुडघ्याबद्दल बोलायला लागला. गुडघ्यावरून मेहुण्यावर गेला. मेहुण्याने गॅरेज विकलं, आणि तेही अशा माणसाला, ज्याला गाडी मागे घेता येत नाही. दुसरा घास. मग महापालिकेने त्याच्या गाडीला लावलेली दंडाची चिठ्ठी. तिसरा घास. रहमो समोर उभा राहून किल्ल्या चाचपत होता. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर या माणसाचं मत होतं, फक्त तोंडातल्या बटाट्यावर नव्हतं.

"थंड झाला का?" रहमोने शेवटी विचारलं, आणि लगेच जीभ चावली.

"नाही, ठीक आहे." चौथा घास. चाक फिरायला लागलं. ठिणग्या उडाल्या. एक सुरी झाली, दुसरी झाली. वाडगा जवळजवळ रिकामा होता. रहमोच्या डोळ्यांसमोर एलीचं दार आलं, मग सोलांजचा खुंटीवरचा कोट.

नुन्झिओने चाक थांबवलं आणि बोटाने वाडग्याची कड पुसून चाखली.

"बाई हुशार आहे, पण जरा कंजूष दिसते," तो म्हणाला. "म्हणावं, लोण्याचा एक गोळा टाक. तेवढंच कमी आहे बघ यात. सगळी चव हाडाच्या नळीची आहे. माझी आई रविवारी नळ्या भाजायची आणि आतलं पावावर झटकायची, अगदी हीच चव. पण शेवटी लोणी घालायचीच ती. लोण्याशिवाय बटाटा म्हणजे..." त्याने हात हवेत उडवला. "का रे, बसलास का असा?"

रहमो पायरीवर बसला होता. "काही नाही. गुडघा," तो म्हणाला.

सोलांज आत चुलीपाशी होती. नळीची हाडं जाळीवर ओळीने मांडलेली, भाजून निघालेली. खालच्या ताटलीत पिवळं, पारदर्शक तूप साठावं तशी चरबी जमत होती. ही हाडं रहमोनेच सीलं वाचून आत घेतली होती.

"पास झाले का मी?" तिने वळून न पाहता विचारलं.

रहमो वाकून ताटलीतली चरबी पाहत होता.

"बारा दिवस तुम्ही माझ्या कचऱ्यात हात घालताय. कोटाच्या खिशातसुद्धा. खिशात पुदिन्याच्या गोळ्या होत्या, मोजून ठेवल्या होत्या मी."

"मी एकही घेतली नाही."

"माहीत आहे. तेही मोजलं."

"मग ती पट्टी का लावलीत डब्याला? ते माझं काम आहे."

"तुमच्यामुळेच लावली. मागच्या जागी तुमच्यासारखाच एक नजर ठेवणारा होता. त्याने माझी कृती शेजारच्या हॉटेलवाल्याला दिली." आता ती वळली. "मला वाटलं, हाही त्यातलाच. रोज झाकण उघडतो, वास घेतो आणि कुणाला तरी फोन करतो."

सोलांजने चिमट्याने एक नळी उलटी केली.

"एक करावं लागेल," रहमो म्हणाला. "मांसाबरोबर बदामाचं दूध असलं की वर बदाम ठेवायचे. पाहणाऱ्याला कळावं, दूध कशाचं आहे ते. मी पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं."

"म्हणजे गिऱ्हाइकंसुद्धा संशय घेणार?"

"घेतात. आम्ही घेतोच."

"किती ठेवू?"

"दिसतील इतके."

"आणि कुठले?"

"बदाम म्हणजे बदाम," रहमो म्हणाला. माफी मागायला हवी होती, हे त्याला दारापर्यंत गेल्यावर सुचलं. तो परत फिरला नाही.

बुधवारी सात वाजता शमा कुटुंब आलं. अदेल शमा आत शिरण्याआधी दारावरच्या कोशर प्रमाणपत्रापुढे उभी राहिली आणि त्यावरची तारीख तिने चष्मा काढून वाचली. रहमोला ती बाई एकदम आवडली. आज देखरेखीला त्याच्या जागी दुसरा माणूस होता, तरी किल्ल्या मात्र रहमोच्याच कमरेला होत्या. खुर्चीवर बसताना त्या वाजल्या.

"काढून ठेव ना," फ्रीदा कुजबुजली. "जावई पळून जाणार नाहीये."

स्टेक आले, जाड, कडेला करपलेले, मध्ये गुलाबी. आणि शेजारी बटाटा. बटाट्यावर पाच पाच बदाम फुलासारखे मांडले होते. शुभ्र, गोल, साखरेच्या कवचातले.

फ्रीदाने टेबलाखालून लाथ मारली. साखरेचे हे बदाम तिने कालच पाठवले होते, जेवणानंतर पाहुण्यांना वाटायला. साखरपुड्याचा शकुन म्हणून ते प्रत्येक सीरियन घरात वाटतात. खोकं रहमोनेच फळीवर ठेवलं होतं, आणि त्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: बदाम.

अदेलने काट्याने एक बदाम उलटा केला. "बदाम का, ते कळलं," ती म्हणाली. "दूध बदामाचं आहे. पण साखरेचे? बटाट्यावर? मिस्टर तवील, हे कुठे लिहिलंय?"

"नवीन पद्धत असेल," मुराद म्हणाला. "संशय पण फिटला आणि तोंड पण गोड झालं."

रहमोने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दाराच्या गोल काचेमागे सोलांज फडक्याला हात पुसत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्याच्या लेबलामुळे खरंच गैरसमज झाला, की हे बारा दिवसांचं उत्तर होतं? शोधता आलं असतं. साध्या बदामांचा डबा दुसऱ्या फळीवर होता. तो पुढे ओढलेला आहे की मागे, तेवढं पाहिलं तरी समजलं असतं. उठून जायला अर्धं मिनिट पुरलं असतं. त्याचा हात किल्ल्यांवर गेलाच.

सगळे थांबले होते. अदेलचा काटा हवेत होता. हा माणूस स्वतः खातो का, हे ती पाहत होती.

रहमोने किल्ल्यांचा जुडगा काढून ताटाशेजारी ठेवला. चमचाभर बटाटा घेतला, वर एक साखरेचा बदाम, आणि तोंडात टाकला. कवच कडकन फुटलं. बारा दिवस ज्या चवीमागे तो फिरत होता ती आज पहिल्यांदा त्याच्या जिभेवर आली. खारट, हाडाची, ऊबदार, आणि मध्येच वेड्यासारखी गोड.

"कसं आहे?" अदेलने विचारलं.

"खा," रहमो म्हणाला. "मी पाहिलंय."

अदेलने त्याच्याकडे निरखून पाहिलं, बराच वेळ, दिव्यासमोर पान धरावं तसं. मग तिने घास घेतला. काचेमागचं फडकं जरा वेळ हललं आणि दिसेनासं झालं.