काचेवरची फळमाशी

स्वयंपाकघरात केळी जास्त पिकली की त्या वासाने मला भिलाईतली बीएस्सीची प्रात्यक्षिक परीक्षा आठवते. नापास झाले तर कॉलेज बंद, असं बाबांनी बजावलं होतं. इथर देऊन झोपवलेली फळमाशी भिंगाखाली होती. पोटाचं टोक काळं होतं. पुढच्या पायावर बारीक काळा कंगवा सापडला की नर नक्की.

"लवकर कर वं, तुही माशी उठून राहिली," शेजारची मंदा कुजबुजली.

माशीचा पाय थरथरला आणि कंगवा दिसला. "सर, नर आहे," मी म्हणाले.

बाहेरून आलेले परीक्षक टाय सावरत, चष्मा पुसत सावकाश आले. तोवर माशी उडून गेली होती. रिकाम्या काचेवर ते बराच वेळ वाकून राहिले.

"बिल्कुल सही. कंघी साफ दिख रही है."

मी पास झाले. आज त्यांच्या वयाची झाल्यावर वाटतं, आपल्याला नीट दिसत नाही हे उघडं पडेल म्हणून त्या भिंगापाशी माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरले होते.